पिवळ्या रेघेपर्यंतचे पोलीस

सामान्य नागरिकाचे पोलिसांविषयीचे ज्ञान प्रायः तीन वाटांनी येते: चित्रपटांतून, वर्तमानपत्रांतील गुन्हेवार्तांतून आणि स्वतःवर ओढवलेल्या एखाद्या प्रसंगातून. पैकी चित्रपटातला पोलीस सर्वशक्तिमान असतो, वर्तमानपत्रातला बहुधा चुकलेला असतो, आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे तो माणूस त्या घटकेला काही शिकण्याच्या मनःस्थितीत नसतो. त्यामुळे पोलिसाला काय करता येते, काय करता येत नाही आणि जे करता येते ते कोणाच्या परवानगीने, हा साधा हिशेब चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनाही ठाऊक नसतो. हा हिशेब नागरिकाला काही घडण्याआधीच शांतपणे समजावून सांगावा, या कल्पनेतून पोलीस दलांनी चालवलेल्या संध्याकाळच्या वर्गांना ‘नागरिक पोलीस अकादमी’ असे नाव पडले. नावात अकादमी असली तरी तिथून कोणी पोलीस होऊन बाहेर पडत नाही. शिंपी, शिक्षिका, निवृत्त कारकून, दुकानदार अशी माणसे आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे जातात आणि दहाबारा आठवड्यांनी पूर्वीचीच माणसे म्हणून घरी परततात, फक्त त्यांना ठाण्याच्या दाराआड काय चालते याची कल्पना आलेली असते.

या वर्गांची सुरुवात इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला झाली. डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांच्या पोलीस दलाने १९७७ मध्ये ‘पोलीस नाइट स्कूल’ सुरू केले. त्या दलाचे तेव्हाचे प्रमुख जॉन अल्डरसन हे, पोलिसाने गस्तीच्या गाडीतून उतरून वस्तीत मिसळावे, या विचाराचे आग्रही पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात. ही कल्पना अमेरिकेत पोहोचली ती १९८५ मध्ये, फ्लोरिडातील ऑर्लँडो शहराच्या पोलिसांमार्फत, आणि तिथे ती इतकी रुजली की आज बहुतेकांना ती मुळातच अमेरिकन वाटते. तिकडच्या अभ्यासक्रमात फौजदारी कायद्याची तोंडओळख, गस्त, वाहतूक, आपत्कालीन दूरध्वनी कक्ष, पोलिसी कुत्री, पुरावा गोळा करण्याच्या पद्धती असे विषय असतात आणि एखाद्या रात्री पोलिसांच्या गाडीत मागच्या आसनावर बसून गस्त पाहण्याची मुभाही असते.

यातला सर्वांत लोकप्रिय तास बहुधा बोटांच्या ठशांचा असतो, आणि तो पाहण्यासारखाही असतो. काचेच्या पेल्यावर मऊ केसांच्या ब्रशाने बारीक पूड हलकेच फिरवली जाते, घामाच्या रेषांना पूड चिकटते, मग पारदर्शक चिकटपट्टीने तो ठसा उचलून कार्डावर बसवायचा असतो. शिकाऊ नागरिक ब्रश जरा दाबून फिरवतो आणि ठसा फिसकटतो. दूरचित्रवाणीवर अर्ध्या मिनिटात होणारे काम प्रत्यक्षात पुष्कळदा होतच नाही, कारण ठसे पुसट असतात, एकावर एक पडलेले असतात किंवा खरबरीत पृष्ठभागावर उमटलेलेच नसतात, हे त्या फिसकटलेल्या ठशातून जितके कळते तितके व्याख्यानातून कळत नाही. असाच दुसरा तास पडद्यावरच्या बनावट प्रसंगांचा: समोरचा माणूस खिशात हात घालतो, नागरिकाच्या हातात खोटे पिस्तूल असते आणि गोळी झाडायची की नाही हे क्षणार्धात ठरवायचे असते. अनेकजण पाकीट काढणाऱ्याला ‘मारून’ बसतात. या तासातून पोलिसांविषयी सहानुभूती निर्माण होते हे खरे. परंतु एवढी घाई होऊ शकते तर बंदूक मुळात किती जणांच्या हाती असावी, हा प्रश्न मात्र त्या वर्गात क्वचितच विचारला जातो.

इथेच या अकादम्यांवरचा मुख्य आक्षेप येतो. प्रवेश ऐच्छिक, पूर्वचारित्र्याची तपासणी सक्तीची, शिक्षक सगळे पोलीस. तेव्हा वर्गात येतात ती बहुतांशी पोलिसांविषयी आधीच बरे मत असलेली माणसे, आणि ज्या वस्त्यांचे पोलिसांशी वाकडे असते त्या वस्त्यांतली माणसे तिकडे फिरकत नाहीत. महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. २ जानेवारीच्या महाराष्ट्र पोलीस स्थापना दिनानिमित्त शाळकरी मुलांना ठाण्यात नेले जाते, बंदुका मांडून दाखवल्या जातात, श्वानपथकाची कसरत होते, मुले खूश होऊन परततात. पण स्टेशन डायरी म्हणजे काय, तिच्यात कोणती नोंद कधी व्हायला हवी, ठाणे अंमलदाराने फिर्याद घेण्यास नकार दिला तर पुढे कोणाकडे जायचे, हे सांगण्याची पद्धत नाही. याच्या अगदी उलट जातीचा प्रयोगही महाराष्ट्रातलाच आहे. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्यांत दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी हवालदारासमोर बसून बोलत, कुरकुर करत, जाब विचारत, आणि डिसेंबर १९९२ ते जानेवारी १९९३ या काळात मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. तिथे अभ्यासक्रम नव्हता, प्रमाणपत्रही नव्हते.

आयर्लंडमधील डंडॉक हे गाव या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचे आहे, आणि त्याचे कारण त्याच्या जागेत आहे. लाउथ परगण्याचे हे मुख्य गाव डब्लिन आणि बेलफास्ट यांच्या साधारण मध्यावर, कासलटाउन नदीच्या मुखाशी वसलेले आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ४३,००० होती, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. गावाच्या उत्तरेला थोड्याच किलोमीटरवर आयर्लंडचे प्रजासत्ताक संपते आणि युनायटेड किंग्डमचा भाग असलेले उत्तर आयर्लंड सुरू होते. तिथे ना फाटक आहे ना चौकी. गाडीतल्या माणसाला सीमा ओलांडल्याचे कळते ते रस्त्याच्या कडेच्या रेघेवरून: दक्षिणेकडे ही रेघ पिवळी असते, उत्तरेकडे पांढरी, आणि वेगमर्यादेचे आकडे किलोमीटरऐवजी मैलांत येऊ लागतात. त्या रेघेचा रंग बदलतो तिथे एका देशाच्या पोलिसांचा अधिकार संपतो.

आयर्लंडच्या पोलीस दलाचे नाव ‘अन गार्डा शीखाना’, अर्थात शांततेचे रक्षक. एका पोलिसाला ‘गार्डा’ म्हणतात, अनेकांना ‘गार्डी’, आणि सामान्य बोलण्यात इंग्रजी वळणाने नुसते ‘गार्ड्स’. १९२२ मध्ये, देश ब्रिटिशांच्या अमलातून सुटून यादवी युद्धात पडत असताना हे दल उभे राहिले आणि लवकरच त्याने बंदूक खाली ठेवली; दलाचे पहिले आयुक्त मायकेल स्टेन्स यांची भूमिका अशी होती की दलाचे यश शस्त्रांवर वा संख्येवर नव्हे तर लोकांचे सेवक म्हणून मिळणाऱ्या नैतिक अधिकारावर उभे राहील. आजही गणवेशातला गार्डा सामान्यतः दंडुका आणि मिरचीचा फवारा यांपलीकडे काही बाळगत नाही. शस्त्रे असतात ती गुप्त शाखेचे अधिकारी आणि विशेष सशस्त्र पथके यांच्याकडे. पांढऱ्या रेघेपलीकडे मात्र, २००१ मध्ये नव्या नावाने पुनर्रचना झालेल्या उत्तर आयर्लंडच्या पोलीस सेवेतील प्रत्येक अधिकाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असते. एकाच रस्त्यावर, एकच भाषा बोलणाऱ्या लोकांमध्ये, पोलिसांच्या दोन वेगळ्या कल्पना अशा शेजारी नांदतात.

आयर्लंडमध्ये नागरिकाचे पोलीसविषयक शिक्षण एका वर्गात कोंडलेले नाही, ते तीनचार ठिकाणी विखुरलेले आहे. त्यातले सर्वांत पूर्ण शिक्षण ‘गार्डा रिझर्व्ह’चे. २००५ च्या गार्डा कायद्याने निर्माण केलेल्या या विनावेतन राखीव दलातील पहिली तुकडी डिसेंबर २००६ मध्ये बाहेर पडली. नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी व शनिवार-रविवारी प्रशिक्षण घेणारा हा स्वयंसेवक गणवेश घालून पूर्णवेळ गार्डांच्या बरोबरीने गस्त घालतो. भारतीय वाचकाला याची एक बाजू जवळची वाटेल. २००७ मध्ये या राखीव दलात येऊ इच्छिणाऱ्या एका शीख गृहस्थाला गणवेशाबरोबर पगडी चालणार नाही असे सांगण्यात आले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर २०१९ मध्ये दलाने आपणहून नियम बदलून पगडी व हिजाब यांना मुभा दिली. दल नागरिकाला शिकवते तसेच नागरिकही दलाला शिकवतो, याचे हे बारा वर्षे चाललेले उदाहरण.

दुसरी वाट शेजाऱ्यांच्या गटांची. वृद्ध व एकाकी शेतकऱ्यांवर हल्ले होऊ लागल्यामुळे ‘मुइंतिर ना टीरे’ या ग्रामविकास संघटनेने गार्डांच्या मदतीने १९८५ मध्ये खेड्यांसाठी ‘कम्युनिटी अलर्ट’ योजना आरंभली. शहरी भागासाठी त्याच वर्षी ‘नेबरहूड वॉच’ आली. २०१३ मध्ये या दोन्हींना मोबाइलवरच्या संदेशांची जोड मिळाली. या संदेशयोजनेची कार्यपद्धती बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण ती वरवर पाहता उगाच लांबण लावणारी वाटते. संशयास्पद गाडी दिसली तर रहिवाशाने गटात संदेश टाकायचा नसतो; त्याने प्रथम ठाण्याला फोन करायचा, गार्डाने माहितीची शहानिशा करायची, मग योग्य वाटल्यास गार्डाने गटाच्या समन्वयकाला संदेश पाठवायचा आणि त्याने तो सर्वांना पुढे द्यायचा. मध्ये घातलेली ही पायरी अफवेसाठी असलेली गाळणी आहे. ती नसते तेव्हा काय होते हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाहिले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरील अफवेने खवळलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार केले.

तिसरी वाट अधिक रुक्ष, पण परदेशातून आलेल्या कुटुंबांना हमखास भेटणारी आहे. मुलांच्या वा वृद्धांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या प्रत्येकाची, मग तो फुटबॉलच्या संघाला विनामूल्य शिकवणारा बाप का असेना, ‘गार्डा व्हेटिंग’ म्हणजे पूर्वचारित्र्य तपासणी २०१६ पासून कायद्याने सक्तीची आहे. अर्जात जन्मापासूनचे सर्व पत्ते भरावे लागतात. ज्याचा पहिला पत्ता ‘मारुती मंदिरामागे, मुक्काम पोस्ट’ असा आहे त्याची इथे थोडी पंचाईत होते, परंतु राज्य आपल्याविषयी काय विचारू शकते आणि कशासाठी, याचा पहिला धडा त्याला याच कागदावर मिळतो.

या सर्व वाटांनी जे शिकले जाते त्याचा गाभा मात्र एकच आहे, आणि तो म्हणजे अटकेचा अधिकार. आयरिश कायद्यात ‘अटकयोग्य गुन्हा’ ही संज्ञा १९९७ च्या फौजदारी कायद्याने ठरवली आहे: ज्या गुन्ह्याला पाच वर्षे वा अधिक कारावासाची शिक्षा होऊ शकते तो अटकयोग्य. असा गुन्हा करताना कोणी आढळला, किंवा तसा वाजवी संशय आला, तर गार्डाच नव्हे तर कोणीही व्यक्ती त्याला वॉरंटाशिवाय अटक करू शकते. हे ऐकताच शिकणाऱ्या काहींचे डोळे चमकतात, म्हणून कायद्याने लगेच दोन खुंट्या ठोकल्या आहेत: अटक करणाऱ्याला असे खरोखर वाटले पाहिजे की आपण थांबवले नाही तर हा माणूस गार्डांच्या हाती लागणार नाही, आणि पकडलेल्याला शक्य तितक्या लवकर गार्डांच्या ताब्यात दिले पाहिजे. भारतातही अशी तरतूद जुनी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खासगी व्यक्ती आपल्यासमोर अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला अटक करू शकते, परंतु तिला सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे सोपवावे लागते. दोन्ही देशांत या कलमाचा व्यावहारिक अर्थ एकच निघतो: संशय चुकला तर बेकायदा डांबून ठेवल्याचा दावा नागरिकाच्याच अंगावर येतो, म्हणून गाडीचा क्रमांक टिपून घेणे हेच बहुधा शहाणपणाचे.

अटकेनंतरची व्यवस्था त्याहून शिकण्यासारखी आहे. आयरिश ठाण्यात आणलेल्या माणसाची जबाबदारी ‘मेंबर इन चार्ज’ नावाच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि १९८७ च्या नियमांनुसार हा अधिकारी शक्यतो त्या गुन्ह्याच्या तपासात नसलेला असावा लागतो. कोठडीच्या नोंदवहीत तो वेळा लिहितो: केव्हा आणले, केव्हा हक्कांची सूचना दिली, केव्हा वकिलाला फोन केला, केव्हा जेवण दिले, केव्हा झोपू दिले. ज्याला गुन्हा उकलायचा आहे आणि ज्याला कैद्याला सांभाळायचे आहे ती दोन माणसे वेगळी ठेवणे, एवढीच ही युक्ती. सामान्य अटकयोग्य गुन्ह्यात १९८४ च्या कायद्याखाली स्थानबद्धता आधी सहा तासांची, मग सुपरिटेंडेंटच्या आदेशाने आणखी सहा तासांची आणि चीफ सुपरिटेंडेंटच्या आदेशाने आणखी बारा तासांची, अशी एकूण चोवीस तासांपर्यंत जाते. विश्रांतीचा काळ त्यात धरत नाहीत. आकडा भारतातल्यासारखाच चोवीस असला तरी त्याचा अर्थ निराळा आहे. भारतात चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे असते आणि तिथून पोलीस कोठडीची मुदत वाढवून घेता येते. आयर्लंडमध्ये या कलमाखालची मुदत संपली की एकतर आरोप ठेवायचा किंवा सोडून द्यायचे, मधला मार्ग नाही. मादक पदार्थांची तस्करी आणि राज्याविरुद्धचे गुन्हे यांच्यासाठी मात्र वेगळे, अधिक मुदतीचे कायदे आहेत, आणि डंडॉकच्या इतिहासात त्यांतल्या दुसऱ्या कायद्याचा वापर काही कमी झालेला नाही.

खटला चालवावा की नाही, हा गंभीर गुन्ह्यांतला निर्णय १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सार्वजनिक अभियोग संचालकांचा असतो, गार्डांचा नव्हे. किरकोळ प्रकरणे ‘डिस्ट्रिक्ट कोर्टा’त गार्डाच त्यांच्या नावाने चालवतात. इथे मराठी माणसाची हटकून गल्लत होते, कारण आपल्याकडचे जिल्हा न्यायालय हे तालुक्याच्या न्यायालयांच्या वरचे, तर आयर्लंडमधले डिस्ट्रिक्ट कोर्ट हे उतरंडीतले सर्वांत खालचे. डंडॉकचे न्यायालय गावाच्या मध्यभागी, ग्रीक मंदिरासारख्या भक्कम दगडी खांबांच्या एकोणिसाव्या शतकातील इमारतीत आहे, आणि कौटुंबिक वगैरे बंद दाराआडची प्रकरणे सोडली तर तिथल्या मागच्या बाकावर कोणीही जाऊन बसावे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात. पक्षकार म्हणून चढू नये हे ठीक, पण श्रोता म्हणून एक सकाळ तिथे काढली तर गार्डाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून आपल्या टिपणवहीतल्या वेळेबद्दल उलटतपासणी सोसताना पाहता येते. कोणत्याही अकादमीत हा तास नसतो.

सीमेचा धडा याहून कडू आहे. पिवळी रेघ संपली की गार्डाला अटकेचा अधिकार नाही आणि पांढऱ्या रेघेकडच्या पोलिसाला दक्षिणेत नाही. पळत्या गाडीचा पाठलाग करत सीमा ओलांडण्याची मुभा दोघांनाही नाही. चोरीची गाडी, तस्करीचे डिझेल, सिगारेटी, आणि एकेकाळी बंदुका, या सगळ्यांना ही अट पक्की पाठ होती. अशा जागी दोन दलांतला विश्वास हेच मुख्य साधन ठरते आणि तोच विश्वास डंडॉकमध्ये एकदा भयंकर रीतीने मोडला. २० मार्च १९८९ रोजी उत्तरेकडच्या दलातील चीफ सुपरिटेंडेंट हॅरी ब्रीन आणि सुपरिटेंडेंट बॉब बुकानन हे डंडॉकच्या गार्डा ठाण्यातील बैठक आटोपून परतत असताना सीमेपलीकडे ‘आयआरए’ या सशस्त्र संघटनेच्या हल्ल्यात ठार झाले. ते ठाण्यात आले आहेत ही बातमी आतूनच फुटली होती काय, याच्या चौकशीसाठी २००५ मध्ये न्यायमूर्ती स्मिथविक यांचे न्यायाधिकरण नेमले गेले. डिसेंबर २०१३ च्या अहवालात त्यांनी ठाण्यातून संगनमत झाले असल्याचा निष्कर्ष काढला, मात्र ते कोणाचे हे निश्चित केले नाही. आपल्या गावच्या ठाण्याबद्दल असा अहवाल लिहिला गेला आहे हे ज्या रहिवाशाला ठाऊक आहे, त्याचा पोलिसांवरचा विश्वास आंधळा असू शकत नाही.

आणि तरी त्याच रहिवाशाने दोन अंत्ययात्राही पाहिल्या आहेत. जानेवारी २०१३ मध्ये डंडॉकच्या ठाण्यातील डिटेक्टिव्ह गार्डा एड्रियन डोनोहो यांना लॉर्डशिपच्या पतपेढीवरील दरोड्यात गोळी घालण्यात आली. ऑक्टोबर २०१५ मध्ये शेजारच्या ओमीथ गावचे गार्डा टोनी गोल्डन एका स्त्रीला तिच्या जोडीदाराच्या घरातून सामान काढून आणण्यास सोबत म्हणून गेले आणि निःशस्त्र अवस्थेत मारले गेले. गोल्डन यांच्या मृत्यूने एक गोष्ट अधोरेखित केली, जी पोलिसांना आधीपासून ठाऊक होती पण नागरिकांना सहसा पटत नाही: घरातले भांडण हे पोलिसाच्या कामातले अत्यंत धोक्याचे काम आहे. यानंतर आलेल्या २०१८ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने ‘जबरी नियंत्रण’ हा नवा गुन्हा निर्माण केला, जो १ जानेवारी २०१९ पासून अमलात आहे. यात मारहाण व्हावीच लागत नाही. जोडीदाराचे पैसे आपल्या हाती ठेवणे, फोन तपासणे, मैत्रिणींशी व माहेरच्यांशी बोलणे तोडणे, बाहेर पडण्याचा हिशेब मागणे, अशा वागणुकीची दीर्घकाळची मालिका, जिच्यामुळे त्या व्यक्तीच्या रोजच्या जगण्यावर गंभीर परिणाम होतो, ती पाच वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरते. नवऱ्याच्या कामाच्या परवान्यावर परक्या देशात आलेल्या, अजून गाडी चालवता न येणाऱ्या आणि बँकेत स्वतंत्र खाते नसलेल्या स्त्रीच्या दृष्टीने या एका कलमाची माहिती ठशांच्या सगळ्या प्रात्यक्षिकांहून मोलाची आहे.

भारतीय कुटुंबांचा गार्डांशी पहिला संबंध अगदी अलीकडेपर्यंत निवासाच्या कार्डासाठी येई, कारण डब्लिनबाहेर ही नोंदणी स्थानिक गार्डा ठाण्यात होत असे. आता हे काम टप्प्याटप्प्याने नागरी खात्याकडे जाऊ लागले आहे. त्यामुळे ठाण्याची ओळख होण्याचे एक निमित्त कमी झाले, आणि नेमक्या त्याच सुमारास ओळखीची गरज वाढली. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टाला उपनगरात एका भारतीयावर झालेल्या हल्ल्यानंतर व तशाच इतर घटनांनंतर १ ऑगस्ट रोजी भारतीय दूतावासाला आपल्या नागरिकांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली. आयर्लंडमध्ये द्वेषमूलक गुन्ह्यांचा नवा कायदा ३१ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. वंश, वर्ण, धर्म इत्यादी कारणांनी केलेल्या मारहाणीला वा नासधुशीला तो वाढीव शिक्षा देतो. नोंदणीच्या बाबतीत गार्डांचे धोरण असे की बळी पडलेल्याला किंवा पाहणाऱ्याला ते कृत्य द्वेषातून झाले असे वाटले तरी तशी नोंद व्हावी, पुरावा मागाहून. रस्त्यात कोणी शिवी देऊन गेला तर काय सांगायचे, असे म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हा भेद समजून घ्यायला हवा: ती शिवी गुन्ह्याच्या व्याख्येत बसो वा न बसो, नोंद झाली तर त्या रस्त्याचा नकाशा पोलिसांपुढे तयार होत जातो. तक्रारीनंतर ‘पल्स’ या गार्डांच्या संगणकातील नोंदीचा क्रमांक मागून घ्यावा, कारण विमा कंपनीपासून वकिलापर्यंत सगळे पुढे तोच विचारतात.

पण पल्समधल्या नोंदींवर डोळे मिटून भरवसा ठेवू नये, हेही आयर्लंडने शिकून घेतले आहे. २०१७ मध्ये उघड झाले की मद्यपी चालक शोधण्यासाठी घेतलेल्या श्वासचाचण्यांचे पल्समधील आकडे प्रत्यक्षापेक्षा चौदा लाखांहून अधिक फुगलेले होते. यंत्रे तेवढ्या वेळा वापरलीच गेली नव्हती. याच सुमारास, मे २०१७ मध्ये, बोस्टनच्या माजी पोलीस आयुक्त कॅथलीन ओटूल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याच्या २०१८ च्या अहवालातून २०२४ चा नवा कायदा आला, जो एप्रिल २०२५ मध्ये लागू झाला. त्याने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी ‘फिस्रू’ हे नव्या घडणीचे लोकपाल कार्यालय दिले आणि नगरसेवक व गार्डा अधिकारी यांच्या जुन्या संयुक्त समित्यांच्या जागी स्थानिक सुरक्षा भागीदारी मंडळे आणली. या मंडळांत गार्डांबरोबर आरोग्य खाते, बालकल्याण संस्था, नगरसेवक आणि रहिवाशांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसतात, आणि चौकातल्या दिव्यांपासून शाळा सोडलेल्या मुलांपर्यंतचे विषय तिथे निघतात. अकादमीत नागरिक श्रोता असतो, इथे तो कागदोपत्री तरी सभासद असतो. हा फरक किती खरा उतरतो हे इतिवृत्त वाचूनच कळेल, आणि इतिवृत्ते वाचण्याची सवय भिवंडीत नव्हती तशी डंडॉकमध्येही फारशी नसावी.

एक बाब मात्र कोणत्याही इतिवृत्तावाचून कामाची आहे. संकटात ९९९ किंवा ११२ हा क्रमांक फिरवला की पहिला आवाज गार्डाचा नसतो, तो कोणती सेवा हवी हे विचारून फोन पुढे जोडणाऱ्या केंद्रातल्या कर्मचाऱ्याचा असतो; आणि कूली द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर, जिथून समोर खाडीपलीकडे उत्तर आयर्लंडचे दिवे दिसतात, तिथे मोबाइल पुष्कळदा पलीकडच्या देशाचा मनोरा पकडतो. अशा वेळी काय झाले ते सांगण्याआधी कुठे झाले ते सांगावे लागते: कोणत्या गावी, सीमेच्या कोणत्या बाजूला, आणि शक्य तर ‘एअरकोड’, म्हणजे २०१५ पासून आयर्लंडमधील प्रत्येक घराला स्वतंत्रपणे दिलेला सात अक्षरांकांचा पत्ता-क्रमांक, जो डंडॉक परिसरात ए९१ ने सुरू होतो. तो तोंडपाठ नसतो म्हणून अनेक घरांत तो कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवलेला असतो.